पाणी कुठून कुठे जातंय

जुनी लाकडी बोट सांभाळायची, तर सतत पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं. ते कुठून येतंय, कुठे जातंय, कुठे थांबतंय. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं खारं पाणी आत यायला हवं आणि जेवढं आलं तेवढं बाहेर पडायला हवं. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, जिथे बोटीबाहेर जातो तिथे ते थेंबाथेंबाने यावं, धार लागता कामा नये. डिझेलच्या टाकीत ते अजिबात नको. आणि डेकवर पडलेल्या पावसाला लाकडात मुरायची सवड मिळू नये.

आम्ही दोघं पुण्यात कोथरूडला राहतो, बोट दाभोळच्या खाडीत असते. मी नोकरीची बरीच वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काढली, त्यामुळे इंजिन माझ्याकडे आलं. नवऱ्याला लाकडाचं वेड, त्यामुळे फळ्या, रंग, दोर त्याच्याकडे. ही वाटणी आम्ही बसून ठरवली नव्हती, ती होत गेली. पण मला वाटतं, दोघांपैकी एकालाच बोटीची हौस असेल तर जुनी बोट घेऊ नये. दुसरं माणूस कंटाळतं, आणि बोटीला तर दोघांचे हात लागतात.

बोट मूळची मासेमारीची. ट्रॉलर म्हणजे मागे थैलीसारखं जाळं टाकून ते ओढत नेणारी बोट. ओझं ओढायचं म्हणून तिचं पोट खोल, घडण जड, आणि चाल सावकाश. जाळं, दोर, बर्फाचे खण काढून टाकले की उरतो तो लाटांवर स्थिर राहणारा, मजबूत सांगाडा, आणि दोन माणसांना राहायला तो भरपूर होतो. आधीच्या मालकाने फायबरची मोठी बोट बांधली म्हणून ही विकायला काढली. लांबी 36 फूट. पाण्याला टेकणारी लांबी साधारण 34 फूट, आणि वेगाचं सगळं गणित या दुसऱ्या आकड्यावर चालतं. अशा जड पोटाच्या बोटीचा कमाल वेग म्हणजे या फुटांचं वर्गमूळ गुणिले 1.34. आमचा आकडा येतो 7.8 नॉट, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे कितीही डिझेल जाळलं तरी बोट स्वतःच्याच लाटेवर चढत राहते, वेग फारसा वाढत नाही. आम्ही 6 नॉटच्या वर सहसा जात नाही. तेवढ्यावर तासाला पाच-सहा लिटर डिझेल लागतं. 8 च्या जवळ गेलं की ते दुपटीच्याही पुढे जातं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मासेमारी बोट म्हणून असलेली नोंद रद्द करायची, मग खासगी वापराची बोट म्हणून महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे अर्ज, पाहणी, विमा. वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, पण होतं. एक गोष्ट मात्र आधीच हिशोबात धरावी. मच्छिमारांना सोसायटीमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, तो आपल्याला नाही. आणि तो मिळूही नये. तो त्यांच्या पोटासाठी आहे.

घेतल्यानंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये बोट किनाऱ्यावर ओढली. इथे पंचांग कामाला येतं. जड बोट वर घ्यायची तर पाणी जास्तीत जास्त चढलेलं हवं, म्हणजे उधाण हवं. अष्टमीच्या आगेमागे भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला गेलात तर बोट चिखलात मध्येच बसणार. भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आम्ही छापील टाइड टेबल जवळ ठेवतोच, पण बंदरात सगळे बोटांवरच मोजतात. खरं मोठं पाणी पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. आम्ही द्वितीया धरली. दुपारी दीडच्या सुमारास पाणी पूर्ण चढलं, बोट ओंडक्यांवर घेतली आणि ट्रॅक्टरने ओढली. ओहोटी लागल्यावर बोटीचं अख्खं पोट उघडं पडलं.

शेवाळ आणि बार्नकल खरवडल्यावर लाकूड चांगलं दिसत होतं. आमचे सुतारमिस्त्री, ज्यांना सगळं बंदर चाचा म्हणतं, हातोडी घेऊन फळीफळीवर ठोकत निघाले. आवाज ठणठणीत येत होता. कण्याजवळच्या एका फळीवर तो बसका झाला. चाचांनी पुन्हा ठोकलं, मग आरी टोचली. आरी मुठीपर्यंत आत गेली.

ती फळी कापून काढली तेव्हा मी शेजारीच उभी होते. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, तीही नीट शोधली तर दिसणारी. आतून करंगळी जाईल एवढी भुयारं, एकाला लागून एक, फळीच्या लांबीने गेलेली. प्रत्येक भुयाराला आतून पांढरं चुन्याचं अस्तर. नखाने खरवडलं तर ते पापुद्र्यासारखं सुटत होतं. फळीत लाकूड असं फारसं उरलंच नव्हतं, नुसती पांढऱ्या नळ्यांची जुडी. हा जीव किडा वाटतो, पण तो शिंपल्यांच्या कुळातला. लहान असताना लाकडात शिरतो आणि आतच वाढतो, म्हणून बाहेरचं छिद्र कधी मोठं होत नाही. डोळ्यांनी पाहून तो सापडत नाही, ठोकूनच सापडतो. जुनी लाकडी बोट विकत घेणाऱ्याने ती पाण्यात तरंगताना पाहून सौदा करू नये, हे मी अगदी ठासून सांगेन. आधी किनाऱ्यावर घ्या, ठोका, टोचा, मग पैशांचं बोला.

सागाची फळी आम्ही पुण्याहून नेली, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून. नवऱ्याने रेषा बघून, गाठी टाळून निवडली; त्यासाठी तो चार दुकानांतून फिरला. तिला बोटीच्या पोटाचं वळण द्यायचं काम चाचांचं. ओल्या गोणपाटांत गुंडाळून ती जाळावर धरली, हळूहळू दाबत वाकवली, आणि गरम असतानाच शिकंजे लावून जागेवर बसवली. तिथे घाईला जागा नव्हती आणि उशिरालाही. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वळी राळ-तेलात भिजवून ठोकायची असते. हे काम नवरा शिकला. कापूस सैल राहिला तर पाणी येतं. फार गच्च ठोकला तर लाकूड फुगल्यावर फळीच बाहेर ढकलली जाते. हातोडीचा आवाज बदलला की थांबायचं, असं चाचा सांगत. आठवडाभराने नवऱ्याला तो बदल ऐकू यायला लागला. मला अजून येत नाही.

या जिवावर दाभोळच्या खाडीतच एक उपाय आहे. त्याला खारं पाणी लागतं, गोडं सोसत नाही. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून, याच खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत येतं, त्यामुळे बाकीच्या नद्या आटतात त्या दिवसांतही चिपळूणकडच्या अंगाला वाशिष्ठी वाहती असते आणि पाणी गोडं असतं. म्हणून थंडीत आम्ही बोट भरतीबरोबर वर, गोवळकोटच्या दिशेने नेतो आणि तिथेच ठेवतो. एक-दोन दिवसांनी भागत नाही. हा जीव भुयाराचं तोंड बंद करून आत कित्येक दिवस दम धरतो, म्हणून मुक्काम काही आठवड्यांचा हवा. आम्ही पुण्याला परततो, ओळखीचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, बोटीवर नजर ठेवतात. त्या भागात काठावरच्या चिखलात मगरी उन्हं खात पडलेल्या असतात. पंख्यात काही अडकलं तर पाण्यात उडी मारायची नाही, हा तिथला पहिला नियम.

इंजिनाची पाटी पहिल्यांदा पुसली तेव्हा तिच्यावर किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, खडकी, पुणे हे शब्द निघाले. मला भरून आलं. ज्या कारखान्यावरून मी कितीतरी वेळा बसने गेले, तिथून निघालेलं यंत्र इतकी वर्षं समुद्रात पंखा फिरवत होतं. यंत्राचा गाभा उत्तम होता. त्रास होता तो समुद्राच्या पाण्याने केलेला. अर्धा तास चाललं की तापमानाचा काटा वर चढायचा.

अशा इंजिनात दोन पाणी असतात. एक आतलं गोडं, ते इंजिनाभोवती फिरत राहतं. दुसरं बाहेरचं खारं, ते रबरी पात्यांचा पंप आत ओढतो. दोघं हीट एक्स्चेंजरमध्ये भेटतात, मिसळत नाहीत. बारीक नळ्यांतून खारं जातं, नळ्यांबाहेरून गोडं, आणि उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मी आधी पंप उघडला. रबरी इम्पेलरची दोन पाती तुटलेली होती. इथे नवा इम्पेलर टाकून झाकण लावायचा मोह होतो. पण तुटलेली पाती गेली कुठे? ती पाण्याबरोबर पुढे जाऊन नळ्यांच्या तोंडाशी बसतात. ती सापडेपर्यंत पुढचं सगळं उघडत जायचं. दोन्ही तुकडे एक्स्चेंजरच्या तोंडाशी मिळाले, आणि मागच्या नळ्या क्षाराने निम्म्या बुजलेल्या दिसल्या.

एक्स्चेंजर गाडीच्या डिकीत घालून कुंभार्ली घाटाने पुण्याला आणला. भोसरीत माझ्या जुन्या सहकाऱ्याचं वर्कशॉप आहे. तिथे सौम्य आम्लात ठेवून क्षार काढला, उलट्या बाजूने पाणी सोडून धुतला, आणि दोन्ही तोंडं बंद करून दाबाची चाचणी घेतली. प्रेशर गेजचा काटा हलू नये, पण तो अगदी सावकाश खाली येत होता. एक नळी गळत होती. गळकी नळी बदलण्यापेक्षा तिची दोन्ही टोकं बुच मारून बंद करतात. एवढ्या नळ्यांमधली एखादी कमी झाली तर थंडाव्यात फरक पडत नाही. लेथवर दोन ब्रॉन्झची निमुळती बुचं करून घेतली, ठोकली, पुन्हा दाब दिला. या वेळी काटा जागचा हलला नाही. इंजेक्टर तपासून घेतले, होज पाइप बदलले, बोहरी आळीतून स्टेनलेसचे क्लिप आणि नटबोल्ट आणले. दाभोळला जे महिनाभर अडलं असतं ते पुण्यात आठवड्यात झालं. लोक म्हणतात, पुण्यात राहून बोट कशी काय ठेवता? माझा अनुभव उलटा आहे. डिझेल इंजिन समजणारे हात पुण्यात जितके जवळजवळ सापडतात तितके किनाऱ्यावर सापडत नाहीत. आणि समुद्राशी पुण्याचं नातं तसंही जुनंच आहे. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 पासूनचं; तिथे बंदरांच्या प्रतिकृती करून लाटा आणि गाळ अभ्यासतात.

डिझेलच्या टाकीतलं पाणी हा वेगळा विषय, पण एक सांगून पुढे जाते. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवली की रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री टाकीच्या भिंतींना धरते, पाणी तळाला साचतं, आणि डिझेल-पाण्याच्या मधल्या थरात बुळबुळीत काळी घाण वाढते. म्हणून बोट पावसाळ्यासाठी ठेवताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, आणि हंगाम सुरू झाला की इंजिन चालू करण्याआधी, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या काचेच्या वाटीत काय उतरलंय ते बघायचं.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. आमच्यावर ती बंदी लागू नाही, पण त्या समुद्रात जायचं तरी कशाला? बोट किनाऱ्यावरच राहते आणि बंदरातल्या इतर बोटींसारखी आम्ही ती माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारतो. वरून नुसतं प्लास्टिक गुंडाळलं तर आत वाफ कोंडते आणि बुरशी धरते. झापांतून वारा खेळतो. खाली ज्या गोड्या पाण्याने लाकूड वाचतं, तेच वरून पडलं की लाकूड कुजवतं. समुद्राचं पाणी डेकवर कितीही उडालं तरी मीठ लाकडाला जपतं. पावसाचं पाणी खिळ्याच्या भोकातून, दाराच्या चौकटीखालून मुरतं आणि तिथून कूज सुरू होते. म्हणून पावसाळ्यातही महिन्यातून एकदा जाऊन नवरा प्रत्येक कोपऱ्यात अंगठा दाबून बघतो. मऊ लागलं की खडूने खूण.

नारळी पौर्णिमेला बंदरात सोन्याचा नारळ वाहिला जातो, बोटी सजतात. आम्हीही नारळ वाहिला, आणि नंतरच्या उधाणाला आमची बोट पाण्यात सोडली. पंख्याजवळ नवं जस्त बसवलं होतं. पितळी पंखा आणि पोलादी शाफ्ट खाऱ्या पाण्यात शेजारी असले की त्यांच्यामध्ये वीज वाहते आणि एखादा धातू झिजतोच. जस्त स्वतः झिजून बाकीच्यांना वाचवतं. निम्मं संपलं की बदलायचं.

पाण्यात सुटल्यावर तासाभरात बोटीच्या पोटात पाणी दिसायला लागलं. ते येणार हे माहीत होतं. महिनोन्‌महिने किनाऱ्यावर सुकलेलं लाकूड आक्रसतं, फटी उघडतात; पाण्यात गेल्यावर ते पुन्हा फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. पण माहीत असणं वेगळं आणि टॉर्चच्या उजेडात नव्या फळीच्या कडेने पाझरणारं पाणी बघणं वेगळं. मी एका काठीवर पेन्सिलने सेंटीमीटरच्या खुणा केल्या आणि कण्यापाशी उभी केली. दर तासाला पंप थांबवायचा, दहा मिनिटं वाट बघायची, पाणी किती चढलं ते वहीत लिहायचं. संध्याकाळी आकडा वाढतच होता. नवरा म्हणाला, “चाचा, आणखी एक पंप आणू का?”

चाचा शांतपणे म्हणाले, “ताईंच्या वहीत बघा ना. येऊ दे पाणी. लाकूड पितंय अजून.”

मग त्यांनी एका डब्यात बारीक भुसा घेतला, लांब बांबूला बांधला, आणि पाण्याखाली नेऊन नव्या फळीच्या जोडापाशी उलटा केला. पाणी जिथून आत खेचलं जातं तिथे भुसाही खेचला जातो, फटीत बसतो, फुगतो. मध्यरात्रीच्या पुढे वहीतले आकडे उतरायला लागले. पहाटे काठीवरची पहिली खूणही ओली होईना. आम्ही दोघं आळीपाळीने जागत होतो. तो आकडा वाचून दाखवल्यावर नवरा तिथेच दोरांच्या ढिगावर झोपून गेला.

डिसेंबरात जयगडला निघालो. निघायची वेळ समुद्र ठरवतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी सपाट. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, आणि त्या वेळी खाडीतून ओहोटीचं पाणी बाहेर पडत असेल तर मुखावरच्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर उभ्या, आखूड लाटा उठतात. जड बोटीलाही त्या नकोशा होतात. आदल्या रात्री हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा बघितला, व्हीएचएफ रेडिओ तपासला, सोळा नंबरच्या चॅनेलवर ठेवला. उजाडायच्या आत मुख ओलांडलं. अंजनवेलचं दीपगृह डावीकडे मागे पडलं, मग गुहागरचा लांबलचक किनारा, वेळणेश्वर, हेदवी. अंतर सतरा सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे आमच्या चालीने तीन तास. एकाने सुकाणूवर बसायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून जाळ्यांचे तरंगते डबे शोधायचे. पंख्यात दोर गुंडाळला गेला तर आपण अडकतो आणि कुणाचं तरी हजारोंचं जाळं फाटतं.

अर्ध्या तासाने मी खाली गेले. काटा जिथे असायला हवा तिथेच होता. एक्झॉस्टबरोबर बाहेर पडणारं पाणी भरपूर आणि एकसारखं. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडवर तळहात ठेवला. कोमट. थेंब पडत होते, एकामागून एक, मोजता येतील असे. ग्लँडमधली दोरी नवी भरताना वेढे तिरके कापायचे आणि सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. नट हाताने आवळायचा. थेंब पूर्ण थांबवावेसे वाटतात, पण त्याच पाण्यावर शाफ्ट थंड राहतो. कोरडा पडला तर तापून खरवडला जातो. पोटातली काठी कोरडी होती. वर येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि सुकाणू घेतलं, मग तो खाली जाऊन त्याच्या फळीला हात लावून आला.

जयगडला शास्त्री नदीच्या मुखात, किल्ल्याच्या आडोशाला, तीन वाव पाण्यात नांगर टाकला. इंजिन बंद करण्यापूर्वी मी एकदा सगळीकडून टॉर्च फिरवते. एक्झॉस्टच्या वळणावर, जिथे खारं पाणी गरम धुरात मिसळतं, तिथे वेल्डिंगच्या कडेला गंजाची बारीक रेघ आणि पांढरं मीठ दिसलं. अजून ओल नव्हती. रेघेची दोन्ही टोकं मार्करने खूण केली, फोटो काढला आणि भोसरीला पाठवला. परतीच्या वाटेवर दोनदा तपासलं, रेघ खुणांच्या आतच होती. आता तो तुकडा सोडवून आणलाय, तो आमच्या बाल्कनीत पडलाय, आणि सोमवारी त्याच्या मापाचा स्टेनलेसचा नवा करायला टाकायचाय. पुढचं उधाण अमावास्येनंतर आहे, पण या कामाला बोट वर घ्यावी लागत नाही.